तात्पुरता पत्ता आणि कायमचा हक्क

(धुळे व जळगाव जिल्ह्यांतील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि कार्यालयीन कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



आजचा विषय वरवर पाहता अगदी लहान आहे. कोणत्याही ऑनलाईन अर्जात नाव, गाव, जन्मतारीख हे रकाने भरून झाले की एक रकाना येतो : ‘ई-मेल पत्ता’. बहुसंख्य अर्जदारांना हा रकाना बिनमहत्त्वाचा वाटतो. स्वतःचा ई-मेल नसेल तर केंद्रावरील चालक त्या जागी काहीतरी लिहून टाकतो, अर्ज पुढे सरकतो, पावती हाती पडते आणि सर्वांचे समाधान होते. हे ‘काहीतरी’ म्हणजे पुष्कळदा एखाद्या ओळखीच्याचा पत्ता असतो. आणि कधी कधी तो ‘तात्पुरता ई-मेल’ असतो. दहा मिनिटांसाठी किंवा एका दिवसासाठी फुकट मिळणारा, वापरून टाकून द्यावयाचा पत्ता. हा पत्ता कोठे चालतो, कोठे चालत नाही, आणि एकदा वापरलेला असा पत्ता पुन्हा वापरला तर काय होते, याचा विचार आज आपणांसमोर मांडावयाचा आहे.

मी कला शाखेचा पदवीधर आहे. संगणकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तथापि माहिती अधिकारी या नात्याने शासनाचे म्हणणे लोकांपर्यंत आणि लोकांचे म्हणणे शासनापर्यंत पोहोचते की नाही, हे पाहणे माझे काम आहे. ते पोहोचण्यासाठी पत्ता खरा असावा लागतो. म्हणून हा विषय जितका तंत्रज्ञांचा, तितकाच तो आपणा सर्वांचाही आहे.

पत्ता म्हणजे काय?

आपल्या परिचयाच्या टपालापासून आरंभ करू. भारतात पिन कोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील वरिष्ठ मराठी अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही होते. देशात एकाच नावाची अनेक गावे, पत्ते वेगवेगळ्या भाषांत आणि वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलेले. अशा स्थितीत सहा अंकांनी पत्राला निश्चित वाट दाखविली. धुळे शहराचा क्रमांक ४२४००१ आणि जळगावचा ४२५००१ हे आपणांस ठाऊक आहेच. गंमत अशी की, जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावचा क्रमांक ४२४ ने सुरू होतो आणि धुळे जिल्ह्यातील शिरपूरचा ४२५ ने. टपालाची वाटणी महसुली हद्दीप्रमाणे झालेली नाही. तरीही चाळीसगावचे पत्र चाळीसगावी आणि शिरपूरचे शिरपूरला बिनचूक पोहोचते. याचा अर्थ असा की, पत्ता दिसावयास तर्कशुद्ध असलाच पाहिजे असे नाही. तो स्थिर असला पाहिजे, एकाच ठिकाणाचा असला पाहिजे आणि त्या ठिकाणी घेणारा हजर असला पाहिजे.

ई-मेलचा पत्ताही याच तत्त्वावर चालतो. १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने पत्त्याच्या मधोमध ‘ॲट’चे चिन्ह योजिले. त्या चिन्हाच्या उजवीकडे जे असते ते गाव समजा, आणि डावीकडे जे असते ते घर. नेहमीच्या सेवेत त्या गावाचा पोस्टमास्तर, म्हणजे टपाल स्वीकारणारा संगणक, घराचे नाव आपल्या नोंदीत आहे काय ते पाहतो. असल्यास पत्र आत ठेवतो, नसल्यास परत पाठवितो. आतील पत्र वाचावयाचे तर घरमालकाला किल्ली, म्हणजे पासवर्ड, दाखवावी लागते.

तात्पुरत्या पत्त्याची उत्पत्ती

ई-मेल पाठविण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही, हा त्याचा गुण आहे आणि दोषही. १९७८ साली एका अमेरिकन संगणक कंपनीच्या विक्रेत्याने सुमारे ४०० लोकांना न मागता एकाच वेळी जाहिरात पाठविली. नकोशा टपालाचे हे पहिले उदाहरण मानले जाते. पुढे प्रत्येक संकेतस्थळ ई-मेल पत्ता मागू लागले आणि दिलेल्या पत्त्यावर जाहिरातींचा पाऊस पडू लागला. त्यावर उपाय म्हणून २००३ साली ‘मेलिनेटर’ आणि २००६ साली ‘टेन मिनिट मेल’ यांसारख्या सेवा निघाल्या. त्यांचे म्हणणे असे की, ज्याच्याशी तुमचा पुन्हा संबंध येणार नाही, त्याला खरा पत्ता का द्यावा? आमचा पत्ता द्या, आलेला ओटीपी किंवा दुवा येथेच पाहा आणि पत्ता विसरून जा.

हे म्हणणे चुकीचे नाही. एखादी माहितीपुस्तिका एकदा उतरवून घ्यावयाची आहे, प्रवासात एखाद्या ठिकाणचे वाय-फाय अर्धा तास वापरावयाचे आहे, नव्या संगणक-प्रणालीची चाचणी घ्यावयाची आहे. अशा कामी तात्पुरता पत्ता सोयीचा ठरतो. तो बाळगणे हा काही गुन्हा नव्हे. स्वतःची माहिती अनावश्यकपणे वाटत न सुटणे हे शहाणपणच आहे. प्रश्न साधनाचा नाही, ते कोणत्या कामाला लावले जाते याचा आहे. धर्मशाळेत एक रात्र उतरणे योग्य. परंतु शेताच्या खातेपुस्तकावर धर्मशाळेचा पत्ता कोणी लिहीत नाही.

कुलूप नसलेली पेटी

या सेवांचे कार्य कसे चालते, हे थोडे समजून घेतले पाहिजे. त्यांच्या गावचा पोस्टमास्तर घराचे नाव नोंदीत आहे काय, हे पाहतच नाही. डाव्या बाजूला कोणतेही नाव लिहा, तो पत्र घेतो आणि त्या नावाच्या पेटीत टाकतो. ज्या सेवा सार्वजनिक पद्धतीच्या आहेत, तेथे पेटीला कुलूपही नसते. ते नाव जो कोणी संकेतस्थळावर टाईप करील, त्याच्यापुढे पेटी उघडते. ‘हा पत्ता माझा’ असे म्हणण्याचा अधिकार तेथे कोणालाच नाही. मग तुमच्या आधी तो कोणी वापरला आणि तुमच्या नंतर कोण वापरील, याचा हिशेब कोठून मिळणार?

काही सेवा वेगळ्या पद्धतीने चालतात. त्या एक अवघड, अक्षरे-आकडे मिसळलेला पत्ता देतात आणि ठराविक वेळाने तो रद्द करतात. येथे अनोळखी माणसाला पेटी सापडणे कठीण असते. परंतु मुदत संपली की ती पेटी तुम्हांलाही सापडत नाही. तिसरी गोष्ट गावाच्या नावाची, म्हणजे डोमेनची. हे नाव शुल्क भरून ठराविक मुदतीसाठी घेतलेले असते. सेवा चालविणाऱ्याने मुदत वाढविली नाही, तर ते नाव दुसरा कोणीही विकत घेऊ शकतो. मग जुन्या सर्व पत्त्यांवर येणारे टपाल या नव्या मालकाच्या हाती पडते.

जुन्या काळी प्रवासी माणसासाठी ‘पोस्टमास्तरांकडे ठेवावे’ असे लिहून पत्र पाठविण्याची सोय होती. तीही तात्पुरतीच सोय. पण पत्र देताना पोस्टमास्तर ओळख पटवून घेत असत. वापरून टाकावयाच्या ई-मेलमध्ये ओळख पटविणारा तो पोस्टमास्तरच नाही. फरक एवढाच, परंतु तो फार मोठा आहे.

पुन्हा वापरण्यातील दुहेरी अडचण

आता आपण मूळ मुद्द्याशी येतो. तात्पुरता पत्ता एकदा वापरून सोडून दिला तर नुकसान सहसा होत नाही. अडचण सुरू होते ती त्याच्याकडे परत जाण्याची वेळ आली म्हणजे. आणि ही अडचण दुहेरी आहे : एक तर परत जाता येत नाही, किंवा जाता येते, पण मग तुमच्याप्रमाणेच इतरांनाही जाता येते.

ऑनलाईन कामकाजात ई-मेल हा केवळ पत्रासाठी नसतो, तो किल्लीची दुसरी प्रत ठेवण्याची जागा असतो. पासवर्ड विसरला की संकेतस्थळ नवा पासवर्ड घेण्याचा दुवा याच पत्त्यावर पाठविते. म्हणजे ज्याच्या हाती पत्ता, त्याच्या हाती खाते. पत्ता नाहीसा झाला तर खऱ्या मालकाला दार बंद. पत्ता उघडा राहिला तर परक्याला दार मोकळे.

एक कल्पित, परंतु सहज घडू शकणारे उदाहरण घेऊ. समजा, साक्री तालुक्यातील एका पाड्यावरची मुलगी महाविद्यालयात प्रवेश घेते आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी केंद्रावर जाते. तिच्याकडे ई-मेल नाही. मागे रांग लागलेली, अंतिम तारीख जवळ आलेली. चालक तात्पुरता पत्ता उघडून भरतो, ओटीपी समोरच्या पडद्यावर येतो, अर्ज दाखल होतो. मोबाईल क्रमांक भावाचा दिलेला असतो. पहिले वर्ष पार पडते. दुसऱ्या वर्षी अर्जाचे नूतनीकरण करावयाचे असते. तोपर्यंत पासवर्डाचा कागद हरवलेला असतो, आणि भाऊ कामासाठी सुरतेला जाऊन त्याने क्रमांक बदललेला असतो. पासवर्ड विसरल्याची सूचना केली की संकेतस्थळ नम्रपणे सांगते : ‘आपल्या ई-मेलवर दुवा पाठविला आहे.’ तो दुवा जेथे गेला, ती पेटी वर्षापूर्वीच दहा मिनिटांत नाहीशी झाली. मुलगी पात्र आहे, कागदपत्रे खरी आहेत, योजना चालू आहे, तरतूद उपलब्ध आहे. तरी अर्ज पुढे सरकत नाही. येथे कोणी लाच मागितली नाही, कोणी अर्ज नाकारला नाही. केवळ एक रकाना घाईने भरला गेला.

याच उदाहरणाची दुसरी बाजू पाहा. पुष्कळ संकेतस्थळे एका ई-मेलवर एकच खाते उघडू देतात. म्हणून चालकाने सार्वजनिक पेटीच्या सेवेत गावाच्या नावापुढे एक, दोन, तीन असे आकडे घालून पत्ते तयार केले आणि वेळोवेळी तेच पुन्हा वापरले, तर? असा पत्ता ओळखणे कोणाही चौकस माणसाला कठीण नाही. त्या पेटीत अर्जदाराचे नाव, अर्ज क्रमांक, कधी जोडपत्रे आणि पासवर्ड बदलण्याचे दुवे येऊन पडतात. म्हणजे गावातील दहा कुटुंबांचे दप्तर चावडीच्या ओट्यावर उघडे ठेवल्यासारखे झाले.

पांझरेच्या काठची फड पद्धत येथील शेतकऱ्यांना नव्याने सांगावयास नको. बंधाऱ्याचे पाणी पाटाने येते आणि पाळीप्रमाणे शेतांना मिळते. पाळी तुमची असली तरी पाणी ज्या चारीला लागले त्याच शेतात जाते. शासनाचा लाभही तसाच आहे. मंजुरी तुमच्या नावाची असते. परंतु ती ज्या पत्त्याच्या चारीने सोडली जाते, तेथेच पोहोचते.

व्यापाऱ्यांचा अनुभव

ही केवळ कल्पनेची भीती नव्हे. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाला, तेव्हा देशभर लहानमोठ्या व्यापाऱ्यांनी नोंदणी केली. अनेकांनी हे काम मध्यस्थांवर सोपविले. काही मध्यस्थांनी नोंदणीत व्यापाऱ्याऐवजी स्वतःचाच ई-मेल आणि मोबाईल क्रमांक भरला, आणि पुढे खात्याची माहिती व्यापाऱ्याला देण्याचे टाळले, अशा तक्रारी शासनाकडे आल्या. धंदा एकाचा, कराची जबाबदारी त्याचीच, पण खात्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात, अशी ही स्थिती होती. २०१८ साली केंद्रीय अर्थ मंत्रालयाने प्रसिद्धिपत्रक काढून यावर मार्ग सांगितला : व्यापाऱ्याने आपल्या क्षेत्राच्या कर अधिकाऱ्याकडे ओळखीची व व्यवसायाची कागदपत्रे घेऊन जावे, अधिकाऱ्याने ती तपासावीत आणि नोंदीतील ई-मेल व क्रमांक बदलून द्यावा.

या घटनेपासून दोन बोध घेण्यासारखे आहेत. पहिला असा की, परक्याचा पत्ता आणि तात्पुरता पत्ता यांचा परिणाम शेवटी एकच होतो. दोहोंत मालक दाराबाहेर राहतो. दुसरा असा की, चूक झाली तरी ती दुरुस्त होऊ शकते. मात्र त्यासाठी कार्यालयात बसलेल्या माणसाला ओळख पटवून पत्ता बदलण्याचा अधिकार आणि त्याची रीत उपलब्ध असावी लागते. जेथे अशी रीत आहे तेथे ती सूचना फलकावर लावावी, आणि जेथे नाही तेथे ती असावी म्हणून वरिष्ठांकडे लिहावे, अशी सहकारी अधिकाऱ्यांना विनंती आहे.

कायमचा पत्ताही कायम राहतोच असे नाही

येथे कोणी विचारील, ‘मग नेहमीचा ई-मेल उघडला की काळजी मिटली काय?’ पूर्णपणे नाही. २०१३ साली याहू कंपनीने वर्षभर न वापरलेले पत्ते मोकळे करून नव्या लोकांना दिले; तेव्हा काही नव्या मालकांना जुन्या मालकांची खासगी पत्रे येऊ लागली. गुगल रद्द झालेला जीमेल पत्ता दुसऱ्याला देत नाही. परंतु दोन वर्षे न वापरलेली व्यक्तिगत खाती बंद करण्याचे धोरण त्या कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केले आणि त्या वर्षाच्या डिसेंबरपासून ते अमलात आणण्यास आरंभ केला. म्हणून जो पत्ता अर्जात दिला आहे, तो वर्षातून निदान चार वेळा उघडून पाहण्याची सवय लावली पाहिजे. घर बंद ठेवले तर भिंतींनाही तडे जातात.

मोबाईल क्रमांकाचेही असेच आहे. बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवसांनंतर नव्या ग्राहकाला मिळू शकतो, हे नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोरील एका प्रकरणात स्पष्ट झाले. म्हणजे भावाने सोडलेला क्रमांक तीन-चार महिन्यांनी एखाद्या अपरिचित व्यक्तीच्या हाती असू शकतो, आणि आपल्या ओटीपीचा संदेश तिला जाऊ शकतो. म्हणून क्रमांक सोडण्यापूर्वी तो जेथे जेथे नोंदविला असेल, तेथे तेथे बदलून घेणे हे कामच समजले पाहिजे.

लिहिणारा दुसरा असला तरी

आपल्या भागातील अनेकांना अर्ज दुसऱ्याकडून भरून घ्यावा लागतो. त्यात लाज वाटण्याचे कारण नाही. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या पुत्र सोपानदेव आणि आप्तांनी वेळोवेळी टिपून ठेवल्या, आणि बहिणाबाईंच्या निधनानंतर १९५२ साली त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. आज जळगावचे विद्यापीठ त्यांचे नाव धारण करते. लिहिणारा हात दुसऱ्याचा होता. परंतु शब्द बहिणाबाईंचे राहिले आणि नावही त्यांचेच राहिले. अर्ज लिहून देणाऱ्याचा धर्म हाच आहे. हात त्याचा चालेल. नाव, पत्ता आणि किल्ली मात्र अर्जदाराचीच असली पाहिजे.

केंद्रचालक बंधूंवर येथे दोषारोप करण्याचा हेतू नाही. एकेका दिवशी लागणारी रांग, मध्येच जाणारी वीज, शेवटच्या तारखेला मंदावणारे संकेतस्थळ, हे सर्व आपण पाहतोच. तथापि ई-मेल नसलेल्या अर्जदाराचा नवा ई-मेल उघडण्यास फारसा वेळ लागत नाही, आणि तो एकदा उघडला की पुढील अनेक अर्जांना पुरतो. तात्पुरत्या पत्त्याने वाचविलेला वेळ पुढील वर्षी चौपट होऊन परत मागितला जातो.

तीन प्रश्न

तात्पुरता पत्ता द्यावा की नाही, हे ठरविण्यासाठी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. पहिला, या कामासाठी मला पुन्हा येथे यावे लागेल काय? दुसरा, या कामातून मला पैसा, दाखला, प्रवेशपत्र किंवा काही हक्क मिळावयाचा आहे काय? तिसरा, येथे माझे नाव, आधार क्रमांक, बँक खाते किंवा जमिनीची नोंद जोडली जाणार आहे काय? यांपैकी एकाचे जरी उत्तर ‘होय’ असेल, तर तात्पुरता पत्ता देऊ नये. शिष्यवृत्ती, पीक विमा, भरतीचा अर्ज, पारपत्र, कर, सेवा हमी कायद्याखालील दाखले ही सर्व कामे या वर्गात येतात. तिन्ही उत्तरे ‘नाही’ असतील, तर तात्पुरता पत्ता खुशाल द्यावा. मात्र दुसऱ्या वेळी नवा घ्यावा, जुन्याकडे परत जाऊ नये आणि तेथे आपला नेहमीचा पासवर्ड कधीही वापरू नये.

ज्यांना जाहिरातींपासून सुटका हवी आहे, त्यांच्यासाठी मधला मार्गही आहे. जीमेलमध्ये आपल्या नावापुढे अधिकचे चिन्ह आणि एखादा शब्द जोडला तरी टपाल मूळ पेटीतच येते. त्यामुळे कोणाला कोणता पत्ता दिला, हे ओळखता येते. काही संकेतस्थळे हे चिन्ह स्वीकारीत नाहीत, हे लक्षात ठेवावे. काही कंपन्या टोपणपत्ते देतात. त्यांवर आलेले टपाल तुमच्या खऱ्या पेटीत पोहोचते आणि नकोसे झाल्यास तो टोपणपत्ता बंद करता येतो. असा पत्ता पुन्हा पुन्हा वापरण्यास हरकत नाही, कारण त्याची किल्ली तुमच्याजवळ असते.

अगोदरच चूक झाली असेल तर

ज्यांच्या अर्जात असा पत्ता पूर्वीच गेला आहे, त्यांनी घाबरून जाऊ नये. पासवर्ड आठवत असेल तर आजच खाते उघडावे, वैयक्तिक माहितीच्या पानावर जाऊन खरा पत्ता व चालू मोबाईल क्रमांक नोंदवावा आणि लगोलग पासवर्ड बदलावा. पासवर्ड आठवत नसेल, पण मोबाईल क्रमांक चालू असेल, तर त्यावर येणाऱ्या ओटीपीने बहुधा मार्ग निघतो. दोन्ही नसतील आणि तात्पुरती पेटी त्याच नावाने उघडत असेल, तर एकदाच तिच्याकडे परत जाऊन दुवा घ्यावा आणि त्याच बैठकीत पत्ता बदलून टाकावा. तात्पुरता पत्ता पुन्हा वापरण्याचे योग्य कारण मला तरी हे एकच दिसते : त्यातून बाहेर पडणे. काहीच चालत नसेल, तर अर्ज क्रमांक आणि ओळखीची कागदपत्रे घेऊन संबंधित कार्यालयात लेखी विनंती करावी व तिची पोच घ्यावी. पैसा गेल्याचे आढळल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावे. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्यान्वये शिक्षेस पात्र असा गुन्हा आहे.

कार्यालये, शाळा आणि ग्रामपंचायती

हीच शिस्त संस्थांनाही लागू आहे. ग्रामपंचायतीचा किंवा शाळेचा ई-मेल एखाद्या व्यक्तीच्या नावाने उघडला असेल आणि तिची बदली झाली, तर संस्थेचा पत्ता त्या व्यक्तीबरोबर गावाबाहेर जातो. ग्रामपंचायत अधिकारी बदलतात, संगणक चालक बदलतात, मुख्याध्यापक निवृत्त होतात. शाळेचा यू-डायस क्रमांक मात्र बदलत नाही. पत्ताही तसाच पदाचा आणि संस्थेचा असावा. भारत सरकारने २०१५ साली अधिसूचित केलेल्या ई-मेल धोरणात शासकीय पत्रव्यवहार शासकीय ई-मेल सेवेतूनच करण्यावर भर दिला, त्यामागे हाच विचार होता. कार्यभार सोपविताना आपण रोखवही, शिक्के, चाव्या आणि दप्तर यांची यादी करतो. त्या यादीत यापुढे ई-मेल खाते, त्याला जोडलेला मोबाईल क्रमांक आणि पासवर्ड बदलल्याची नोंद या बाबी घालाव्यात.

सेवा केंद्रांबाबत एक साधी सूचना करावीशी वाटते. अर्ज दाखल करण्यापूर्वी भरलेला ई-मेल व मोबाईल क्रमांक अर्जदाराला मोठ्याने वाचून दाखवावा आणि पावतीवर ठळक लिहून द्यावा. यासाठी नवा निधी लागत नाही, नवा शासन निर्णयही लागत नाही. शिक्षकांनी नववी-दहावीच्या वर्गात एक तास काढून पत्ता कसा उघडावा, कसा जपावा हे शिकवावे. घरातील पहिला शिकलेला मुलगा किंवा मुलगी हीच पुष्कळ कुटुंबांची टपालपेटी असते. ग्रामसभेतही हा विषय पाच मिनिटे मांडता येईल.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली केला. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने अमलात यावयाचे आहेत. आपल्याविषयीची चुकीची नोंद दुरुस्त करून घेण्याचा अधिकार या कायद्याने नागरिकाला दिला आहे. अधिकार कागदावर असून भागत नाही, तो मागणारा जागा असावा लागतो.

दप्तर जपणारा प्रदेश

धुळ्याचा एक मोठा वारसा येथे आठवतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून घराघरांतील जुनी दप्तरे गोळा करीत राहिले. १९२६ साली धुळ्यातच त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही त्या कागदांचे जतन करीत आहे. हे शक्य झाले, कारण कोणीतरी पिढ्यान्‌पिढ्या ते कागद रुमालात बांधून माळ्यावर जपून ठेवले होते. आजचे आपले दाखले, मंजुऱ्या, उत्तरे आणि पोच यांचे दप्तर ई-मेलच्या पेटीत साठते. ती पेटीच दहा मिनिटांची असेल, तर उद्या हक्क सिद्ध करावयाचा कशाच्या आधारे? मोठ्या इतिहासाचे राहू द्या. एका मुलीच्या तीन वर्षांच्या शिक्षणाचा इतिहास तरी आपण जपू या.

तात्पुरत्या कामाला तात्पुरता पत्ता चालेल. कायमच्या हक्काला स्वतःचाच पत्ता हवा. आपापल्या कार्यालयात, शाळेत आणि ग्रामपंचायतीत या आठवड्यात निदान एका माणसाचा अर्ज उघडून तो रकाना तपासावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.